‘असॉल्ट अँड बॅटरी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: कॅलिफोर्नियातल्या एका खटल्याच्या कागदपत्रांचा मराठी अनुवाद करताना ‘असॉल्ट अँड बॅटरी’ला ‘हल्ला आणि मारहाण’ म्हटलं तर चालेल का?

बातमीत खपून जाईल, कोर्टाच्या कागदात नको. ‘मारहाण’ म्हटलं की लाथाबुक्क्या, निदान एखादी थोबाडीत तरी डोळ्यांपुढे येते. बॅटरीला एवढं लागतच नाही. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत कलम २४२ प्रमाणे दुसऱ्याच्या अंगावर जाणूनबुजून केलेला बेकायदा बलप्रयोग म्हणजे बॅटरी. रागाने किंवा उर्मटपणे केलेला नुसता स्पर्शही त्यात येतो, मग तो कपड्यांवरून का असेना. वळ उठला नाही, दुखलं नाही, तरी गुन्हा झाला. कलम २४० मधला असॉल्ट म्हणजे असा बलप्रयोग करायचा प्रयत्न, तोही तसं करण्याची ताकद त्या क्षणी अंगात असताना. हुकलेला ठोसा असॉल्ट. बसला की बॅटरी.

हा भेद मराठी माणूस रोजच्या बोलण्यात अचूक पाळतो. ‘हात उगारला’ म्हणजे मारायला वर नेला, पडला नाही. ‘बायकोवर हात उचलला’ म्हणजे मात्र मारलंच. ‘अंगावर धावून गेला’ हा असॉल्ट, ‘अंगाला हात लावला’ ही बॅटरी. भांडणात ‘हात लावून तर बघ!’ म्हणणारा नेमकी हीच रेघ आखत असतो.

(टॉर्चची बॅटरीही याच घरातली. मूळ लॅटिन धातू ‘बडवणे’ या अर्थाचा. फ्रेंचमधून इंग्रजीत आल्यावर तो तोफांच्या रांगेला चिकटला आणि अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवणाऱ्या बरण्यांच्या रांगेला तेच नाव दिलं.)

आपल्या कायद्यात बॅटरी नावाचा गुन्हा नाही. जवळचा शब्द ‘फौजदारीपात्र बलप्रयोग’: जुन्या दंडसंहितेत कलम ३५०, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १२९. असॉल्टला ‘हमला’, कलम १३०. पण ही जोडी तशीच उचलू नका. आपली व्याख्या बॅटरीपेक्षा ऐसपैस आहे. कायद्यातलंच उदाहरण घ्या: नदीत बांधून ठेवलेल्या होडीत एकजण बसलाय, दुसरा मुद्दाम दोर सोडतो आणि होडी प्रवाहाला लागते. बोटही लागलं नाही, तरी बल वापरलं गेलं. त्याची संमती नसेल आणि त्याला इजा, भीती किंवा त्रास व्हावा हा हेतू असेल, किंवा तसं होण्याची शक्यता माहीत असेल, तर तो फौजदारीपात्र बलप्रयोग.

‘दुखापत’ तर अजिबात वापरू नका. कलम ११४ मधली दुखापत परिणामावरून ठरते: शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता व्हायला हवी. हाड मोडलं, दात पडला की कलम ११६ ची ‘जबर दुखापत’.

म्हणून अनुवादात ‘हल्ल्याचा प्रयत्न आणि बेकायदा बलप्रयोग’ असं लिहावं, पहिल्या उल्लेखाला देवनागरीत ‘असॉल्ट’, ‘बॅटरी’ हे मूळ शब्द आणि कॅलिफोर्नियाचे कलम क्रमांक जोडावेत. नुसतं ‘हल्ला’ लिहिलं तर वाचणारा फटका बसला असंच धरून चालतो, आणि असॉल्टमध्ये तो बसलेला असेलच असं नाही.