मागच्या चाकांना डिस्क बसवले, मग हँडब्रेकचे काय?

प्रश्न : माझ्याकडे २००३ सालची मारुती एस्टीम आहे. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये मागच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क बसवून घेतले. नव्या कॅलिपरना (पॅडनी डिस्क आवळणाऱ्या भागांना) हँडब्रेकची केबल जोडण्याची सोय नव्हती. तिच्याऐवजी त्यांनी मागच्या ब्रेकच्या नळीत एक झडप बसवली. ब्रेक पेडल दाबून धरायचे, खटका फिरवायचा, की दाब आत अडकून राहतो आणि चाके धरली जातात. महिन्यापूर्वी पाचगणीहून पसरणी घाट उतरून घरी आलो, नेहमीप्रमाणे उतारावर गाडी लावली आणि पहाटे पाहतो तर ती घरंगळत जाऊन कुंपणाच्या भिंतीला टेकलेली होती. झडप गळत नव्हती, ब्रेक ऑइलही कमी झालेले नव्हते. मग असे का झाले, आणि हँडब्रेकला खात्रीचा पर्याय कोणता?
– एक वाचक, वाई

उत्तर : भिंतीऐवजी तिथे एखादे मूल असते तर काय झाले असते, हा विचार आपल्याही मनात येऊन गेला असेल. म्हणून आधी एक विनंती करतो : पुढील काम पूर्ण होईपर्यंत गाडी सपाट जागेवरच, गिअरमध्ये टाकून आणि चाकांना लाकडी ठोकळे लावून उभी करावी.

झडप गळत नसतानाही गाडी सुटली, याचे कारण आपल्याच पत्रात आहे. घाट उतरताना डिस्क, पॅड, कॅलिपर आणि त्यातले ब्रेक ऑइल असे सगळेच तापले होते. त्या अवस्थेत आपण दाब अडकवला आणि रात्रीतून सगळे थंड झाले. थंड होताना डिस्क किंचित आकसते, ऑइलही आकसते. द्रव पदार्थ जवळजवळ दाबला जात नसल्यामुळे बंदिस्त नळीत त्याचे आकारमान अगदी थोडे घटले तरी दाब मात्र पुष्कळच उतरतो. एक थेंबही बाहेर न सांडता पकड ढिली होते ती अशी. उलट, केबल ओढून धरलेल्या यंत्रणेत केबलचा ताण आणि धातूची लवचीकता स्प्रिंगसारखी काम करतात, त्यामुळे थोडेसे आकुंचन पचते. तरीही ब्रेक फार तापलेले असताना हँडब्रेक लावला असेल, तर दहा-पंधरा मिनिटांनी येऊन आणखी एक-दोन खटके ओढावेत, हे हँडब्रेकही डिस्कलाच धरतो अशा गाड्यांना लागू आहे. अनेक विद्युत पार्किंग ब्रेक हेच काम काही मिनिटांनी आपोआप करतात.

आता पर्यायांकडे वळण्यापूर्वी ब्रेकला किती जोर लावावा लागतो याचा अंदाज घेऊ. युरोपात लागू असलेल्या ब्रेकच्या नियमावलीत, म्हणजे आर १३-एच मध्ये, भरलेली गाडी २० टक्के चढ-उतारावर दोन्ही दिशांना पार्किंग ब्रेकने थांबून राहिली पाहिजे आणि त्यासाठी हाताचा जोर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ४० किलोपेक्षा, जास्त लागता कामा नये, अशी अट आहे. आपली गाडी माणसांसह ११०० किलो धरली तर अशा उतारावर तिला खाली ओढणारा जोर सुमारे २१५ किलो होतो. चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर, डिस्कवर पॅड जिथे धरतात तिथली त्रिज्या १० सेंटिमीटर आणि घर्षणांक ०.३५ धरल्यास मागच्या प्रत्येक चाकावर पॅडनी सुमारे ४३० किलोच्या जोराने डिस्क आवळावी लागते. ड्रममध्ये एक शू (ड्रमला आतून घासणारी पट्टी) फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आत ओढला जातो, त्यामुळे तिथे कमी जोर पुरतो. डिस्कला ही मदत मिळत नाही. म्हणून ड्रमच्या हिशेबाने ठरवलेला दांडा आणि केबल डिस्कला जशीच्या तशी जोडली तर ती पुरतेच असे नाही.

आपल्या गाडीसाठी माझी पहिली पसंती केबलचा लिव्हर अंगातच असलेल्या कॅलिपरला आहे. त्यात पॅडला ढकलणारा एकच पिस्टन पायाच्या ब्रेकने तेलाच्या दाबावर आणि हँडब्रेकने आतल्या स्क्रूवर पुढे सरकतो. फोक्सवॅगन गोल्फच्या मागच्या चाकांचे कॅलिपर अशा कामासाठी जगभर वापरले जातात. भारतात २००६ साली आलेल्या होंडा सिव्हिकचीही रचना याच प्रकारची आहे. मात्र कॅलिपर धरणारी ब्रॅकेट जाड पोलादाची आणि मोजून कापलेली हवी, डावा-उजवा कॅलिपर आणि केबल ओढण्याची दिशा जुळायला हवी आणि पिस्टनचा व्यासही जपून निवडायला हवा. पिस्टन मोठा झाला तर जोरात ब्रेक दाबताच मागची चाके पुढच्यांच्या आधी अडकतात आणि गाडी फिरते, आणि हा धोका हँडब्रेक नसण्याहून लहान नाही.

याच कॅलिपरच्या बाबतीत गॅरेजमध्ये दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे पॅड बदलताना पिस्टन शिकंज्याने सरळ आत दाबणे. तो फिरवत आत न्यायचा असतो, नाहीतर आतला स्क्रू बिघडतो. दुसरी म्हणजे हँडब्रेक वर येऊ लागला की केबल घट्ट करत राहणे. कॅलिपरचा लिव्हर विश्रांतीच्या जागी पूर्ण टेकलेला असेल तरच आतली आपोआप जुळणी होते. केबलने तो कायम थोडा ओढलेला राहिला तर जुळणी थांबते आणि पॅड झिजतील तशी पकड कमी होत जाते. म्हणून आधी इंजिन चालू ठेवून पायाचा ब्रेक पुष्कळ वेळा दाबावा, लिव्हर टेकल्याची खात्री करावी आणि केबलची जुळणी त्यानंतर करावी.

आपले सध्याचे कॅलिपर ठेवायचेच असतील तर त्याच डिस्कवर दुसरा लहान, केवळ केबलवर चालणारा कॅलिपर बसवता येतो. त्याचे पॅड लहान असतात, म्हणून वर काढलेला आवळण्याचा जोर तो खरोखर देतो का, हे उत्पादकाच्या आकड्यांवरून तपासूनच घ्यावा. डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागाच्या आत छोटा ड्रम असण्याची रचना पकडीच्या दृष्टीने उत्तम आहे, पण तिच्यासाठी शू धरणारी पाठीमागची प्लेट हबला पक्की जोडावी लागते आणि आपल्या गाडीत ते काम खर्चिक ठरेल. विद्युत पार्किंग ब्रेक २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ मालिकेपासून रूढ होत गेला. त्याचा स्क्रू वीज गेली तरी स्वतःहून उलटा फिरत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याला योग्य कंट्रोलर हवा, आणि बॅटरी उतरल्यावर तो सोडवायचा कसा हे आधीच ठरवावे लागते. जुन्या विलीज जीपमध्ये ट्रान्सफर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे ती ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर, हँडब्रेक असे. मागची चाके चालवणाऱ्या गाडीला ती कल्पना आजही लागू पडते, आपल्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या एस्टीमला नाही.

आणखी एक पर्याय मी मनापासून सुचवतो, तो म्हणजे ड्रम परत बसवणे. इतक्या हलक्या, पुढे इंजिन असलेल्या गाडीत ब्रेकचे बहुतेक काम पुढची चाके करतात. पुढे चांगले पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल घातले तर रस्त्यावरच्या वापरात मागच्या डिस्कची उणीव आपल्याला क्वचितच जाणवेल, आणि कारखान्यात तपासलेला हँडब्रेक आपोआप परत मिळेल.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकसंबंधीचा असून मोटारगाडीला पायाच्या ब्रेकखेरीज पार्किंग ब्रेकही लागतो. शिवाय मूळ रचनेत बदल करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली आहे. त्यामुळे कोणताही बदल करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर घ्यावे.

काम झाल्यावर चाचणी अशी करावी. ओळखीच्या उतारावर, चाकांपासून एक वीत अंतरावर ठोकळे ठेवून, गिअर न्यूट्रल ठेवून केवळ हँडब्रेकवर गाडी पाच मिनिटे उभी करावी. मग तोंड फिरवून पुन्हा. त्यानंतर घाट उतरून, ब्रेक तापलेले असताना तीच चाचणी घ्यावी आणि या वेळी गाडी पूर्ण थंड होईपर्यंत ठोकळे काढू नयेत.

प्रश्न : माझ्या गाडीत रॅलीच्या गाड्यांसारखा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, हँडब्रेक आहे. त्याच्या दांड्याला खिळ घालून तो ओढलेल्या स्थितीत अडकवता येतो. मग वेगळी केबल काढून टाकली तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. खिळ दांड्याला धरून ठेवते, पण दाब शेवटी तेलच धरते, म्हणून वाईच्या वाचकांच्या बाबतीत जे झाले तेच इथे होईल. शिवाय हा दांडा पायाच्या ब्रेकच्या मागच्या चाकांकडे जाणाऱ्या नळीतच बसवलेला असतो. ती नळी फुटली तर मागचा ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही एकाच वेळी जातील. केबल काढू नका. ती निघाली असेल तर आधी ती परत जोडून घ्या आणि हायड्रॉलिक दांडा बंदिस्त मैदानापुरताच वापरा.