गल्ल्यावरून : मशीन मागवण्याआधी

(लातूरला पिठाची गिरणी आणि मिरची कांडप चालवणाऱ्या मावशी वाचकांच्या धंद्याच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मावशी, नमस्कार. आमची दरसाल चार एकर तूर असते. मिनी डाळमिल बसवायचं मनात आहे. मशीनवाला म्हणतो, दहा लाखांचा प्रकल्प करू, साडेतीन लाख सरकारच देतंय. घरचे म्हणतात, लातुरात एवढ्या डाळमिली असताना आपली डाळ कोण घेणार? काय करू?
— एक वाचक, केज तालुका

उत्तर : घरच्यांनी नेमका प्रश्न विचारला आहे, दादा. त्याचं उत्तर मशीनवाल्याकडं नाही, कारण त्याचा धंदा मशीन विकली की संपतो.

आधी ते साडेतीन लाख. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अनुदान ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख, हे खरं आहे. पण ते तुमच्या हातात पडत नाही. ते बँकेतच राहतं. तीन वर्षं हप्ते नीट गेले आणि मिल चालू दिसली, तर कर्जात वळतं होतं. शिवाय किमान १० टक्के रक्कम तुमची स्वतःची लागते. दीड वर्षात मिल बंद पडली तर अनुदान गेलं, कर्ज तेवढं उरलं. म्हणून अनुदान नाहीच असं धरून मिल परवडते का, ते बघा. परवडत असेल तर योजना अजून चालू आहे का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा आणि अर्ज जरूर करा.

आता वही काढा. समजा, तूर ७,५०० रुपये क्विंटल. घरची असली तरी बाजारभावच धरायचा. घरची तूर फुकट धरणारे मिलमध्ये नफा दाखवतात आणि तोटा शेतात लपवतात. तेलपाणी लावून, उन्हात वाळवून, चांगल्या मिलवर क्विंटलला ७० ते ७५ किलो डाळ उतरते. तुम्ही नवखे, ७० धरा. मजुरी, वीज, तेल, पाकीट मिळून ९०० रुपये लागले तर खर्च ८,४०० झाला. चुनी म्हणजे डाळीचा चुरा आणि टरफल जनावरांसाठी विकून समजा ४४० आले. राहिले ७,९६०. त्याला ७० नं भागा. किलोला जवळपास ११४ रुपये पडली. उतारा ६५ वर आला तर तीच डाळ १२२ ला पडते. म्हणून मशीन बघायला जाल तेव्हा आपलं तुरीचं पोतं सोबत न्या, डोळ्यासमोर भरडून घ्या आणि डाळ काट्यावर ठेवा. मशीनवाल्याच्या पोत्याचा उतारा मोजू नका.

ही किंमत घेऊन ओळखीच्या किराणा दुकानदाराला विचारा, ठोकमध्ये काय देतोस. बहुतेक तो तुमच्या खर्चाच्या आसपासच आकडा सांगेल. मोठ्या मिली ट्रकनं माल उचलतात, सॉर्टेक्सवर, म्हणजे रंग बघून दाणे वेगळे करणाऱ्या मशीनवर, दाणा निवडतात. भावात त्यांच्याशी भिडायचंच नाही. तुमची गिऱ्हाइकं वेगळी. एक तर पंचक्रोशीतला शेतकरी, ज्याला वर्षाची घरची डाळ करून हवी असते. त्याची तूर, तुमची फक्त भरडाई. त्यात तूर खरेदीचं भांडवल अडकत नाही आणि भाव पडला तर तुमचा जीव टांगणीला लागत नाही. दुसरे पुण्या-मुंबईला गेलेले आपलेच लोक. त्यांना बिनपॉलिशची डाळ गावाकडूनच हवी असते आणि चार पैसे जास्त द्यायची तयारी असते.

हंगामाचाही विचार केला पाहिजे. तूर घरात येते थंडीत, वाळवायला कडक ऊन लागतं, मृगाचा पाऊस आला की अंगण बंद. माझं कांडपही होळी ते मृग. बाकीचे महिने हप्ता काही थांबत नाही, म्हणून मी शेजारी शेवयांचं मशीन लावलं. तुम्ही हरभरा, मूग, उडीद कोण आणून देईल, ते आत्ताच विचारून ठेवा.

माझं स्पष्ट मत : या हंगामात मशीन घेऊच नका. जवळच्या मिलवर भरडाई देऊन आपली पाच क्विंटल तूर करून घ्या, किलो-किलोची पाकिटं करून विका. पाकिटं संपून लोकांनी परत मागितली तर बँकेत जा. पाकिटावर अन्न नोंदणीचा क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, तुमचा पत्ता हवा. आणि खप वाढावा म्हणून ‘बोरसुरी’ छापू नका. निलंगा तालुक्यातल्या त्या डाळीला भौगोलिक मानांकन आहे. केजची तूर कितीही चवीची असली तरी ते नाव तुमचं नाही.

प्रश्न : माझं चहा-नाष्ट्याचं हॉटेल आहे. आचाऱ्यानं बारा हजार उचल घेतली आणि आता म्हणतो, दिवाळीनंतर बायकोला घेऊन ऊसतोडीला जाणार. त्याचं आधार कार्ड मी ठेवून घेतलंय. उचल फिटल्याशिवाय सोडू नको, असं मित्र सांगतात.
— एक हॉटेलवाले, माजलगाव

उत्तर : ते आधार कार्ड आज संध्याकाळी परत करा. उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगार कायद्याखाली गुन्हा आहे, हे मित्रांनाही सांगा. बारा हजार हे तुमचं येणं आहे. ते कागदावर लिहा, दोघांच्या सह्या करा, हप्त्यानं मागा. काही बुडतील. बुडू द्या.

तो का चालला, याचा विचार केलात का? ऊसतोडीचा मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला एकदम मोठी उचल देतो. त्यात लेकीचं लग्न निघतं, दवाखाना निघतो. उचलीत तुम्ही मुकादमाची बरोबरी करू शकत नाही. पण पाच-सहा महिने पालात राहणं, पोरांची शाळा बुडणं, बायकोची कंबर मोडणं, हे त्यालाही नको असतं. तिथं तुमच्याकडं द्यायला काहीतरी आहे. उसाला जोडी जाते, मग तुम्हीही जोडीला काम द्या. त्याची बायको भाकरी, चटणी, थालीपीठ करील, तर दुपारची थाळी सुरू होईल. माजलगावात बाजारादिवशी थाळीला गिऱ्हाईक नाही, असं मला सांगू नका. पगार आठवड्याला द्या, सुट्टीचा वार ठरवा. पुढं उचल अर्ध्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त देऊ नका.

आणखी एक. तो गेला तर भजी बंद पडतील अशी तुमची अवस्था दिसते. एक किलो बेसनाला किती मीठ, किती ओवा, किती पाणी, हे वाटीनं मापून भिंतीवर लिहा आणि दुसऱ्या पोराला शिकवा. स्वतःही कढईपुढं उभे राहा. मालकाला भजी तळता येत नसतील तर आचारी पगार ठरवतो.

प्रश्न : जालन्यात माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. निम्म्याहून जास्त काम एकाच कंपनीचं. बिल चार-चार महिने निघत नाही. मागायला गेलो तर काम बंद करतील.
— एक वाचक, जालना

उत्तर : उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी ऑनलाइन नोंदणी, आहे का? नसेल तर आजच करा, पण माल दिल्यावर केलेली नोंदणी मागच्या बिलांना उपयोगी पडेल असं धरू नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय ती मुदत चुकवली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च आयकरात वजा धरता येत नाही. आयकराचा हा नियम लागू झाल्यापासून मार्चअखेर अकाउंटवाले स्वतः फोन करायला लागलेत. म्हणून मालकाकडं नाही, अकाउंट खात्यात जा. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा आणि फेब्रुवारीतच थकबाकीची यादी ईमेलनं पाठवा. थकलेल्या बिलांसाठी सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, पण ती ते गिऱ्हाईक सोडायची तयारी झाल्यावरच करा. तोवर गेट, शेड, ट्रॉली अशी रोखीची कामं वाढवा. कामाचा आगाऊ पैसा घेतल्याशिवाय पत्रा कापू नका.

प्रश्न : उद्यम नोंदणीला एजंट अडीच हजार मागतो, मुद्रा कर्ज मंजूर करून द्यायला पाच टक्के. देऊ का?
— एक ताई, सेलू

उत्तर : नाही. उद्यम नोंदणी फुकट आहे. आधार, पॅन आणि मोबाइल घेऊन बसलात तर चहा होईपर्यंत निघते. मुद्रेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, त्याला तारण लागत नाही. अर्ज थेट शाखेत द्या, पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा आणि तो कागद घेऊन परभणीला जिल्हा उद्योग केंद्रात जा.