डिसेंबरातला आमाल्फीचा किनारा: पोझितानोहून सुरुवात करा

डिसेंबरअखेर नेपल्सला मुक्काम, एका दिवसापुरती भाड्याची गाडी, सोबत आईबाबा; थंडीत दक्षिण इटलीतल्या आमाल्फीच्या किनाऱ्याला जाण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा. स्वतः गाडी चालवायची तर मला हाच मोसम पटतो. उन्हाळ्यात इथे नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून सम-विषम तारखांचे निर्बंध असतात, शिवाय टुरिस्ट बसगाड्यांच्या रांगा. थंडीत रस्ता मोकळा मिळतो. किनाऱ्याच्या पश्चिमेकडच्या पोझितानो गावातली बरीच हॉटेलं मात्र बंद असतात, ते गृहीत धरा.

खरा प्रश्न दिशेचा आहे. काही जण पूर्वेकडच्या सालेर्नो शहराकडून येतात. तुम्ही उलट करा: नेपल्सहून कास्तेल्लामारे, मेता करत सकाळी दहापर्यंत पोझितानो गाठा आणि तिथून पूर्वेकडे, किनाऱ्याच्या टोकाच्या व्हिएत्री गावापर्यंत या. इटलीत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे समुद्र तुमच्याच बाजूला येतो. कठड्याशी थांबायच्या जागाही त्याच बाजूला, समोरून येणाऱ्या गाड्या कापून वळायला नको. सकाळी ऊन थोडं समोरून येतं, पण दुपारनंतर सूर्य पाठीशी जातो. पश्चिमेकडे निघालात तर नेमकं उतरतं ऊन डोळ्यांवर येतं, आणि या वळणांवर ते धोक्याचं आहे. सूर्यास्त पावणेपाचच्या आतच होतो.

हा रस्ता नेपल्सच्या बोर्बन राजांच्या काळात, १९व्या शतकात कडा फोडून काढलेला. रुंदी त्याच बेताची. समोरून बस हॉर्न देत आली की वळणाच्या अलीकडेच थांबा, तिला पूर्ण वळू द्या. वळणावरच्या गोल आरशांवर नजर ठेवा. गाडी लहानात लहान घ्या, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं सांगा. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. पार्किंगच्या निळ्या रेषा पैसे भरून, पिवळ्या राखीव.

फुरोरेची खाडी पुलावरून जाताना दिसते. पुलावर थांबू नका. आमाल्फीत कॅथेड्रलचा जिना उंच आहे, पण अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतलेले काशाचे दरवाजे पाहायला तो चढावाच. जेवण दोनच्या आत उरका, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात. डोंगरउतारावर काळ्या-हिरव्या जाळ्या दिसतील, त्यांच्याखाली लिंबाच्या बागा आहेत; थंडीवाऱ्यापासून झाडं जपायला बागायतदार त्या पसरतात.

आमाल्फीशेजारचं अत्रानी गाव ओलांडल्यावर डावीकडे डोंगरावरच्या राव्हेल्लो गावाचा फाटा आहे. साडेतीनशे मीटर वर. आईबाबांसाठी चौकालगतचा व्हिला रुफोलो हा बागेचा जुना वाडा पुरे. व्हिला चिंब्रोनेला चाल आणि पायऱ्या जास्त. एवढं करून त्याच दिवशी पाँपेई, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं प्राचीन शहर, कोंबू नका. पाँपेईला वेगळा दिवस द्या.

शेवटचा थांबा चेतारा. छोटं कोळ्यांचं गाव, आणि माझ्या मते पोझितानोपेक्षा जास्त वेळ द्यावा असं. अँकोव्ही मासळी लाकडी पिंपात मिठाच्या थरांत महिनोन्‌महिने दाबून जो अर्क निघतो, तो 'कोलातुरा' डिसेंबरातच तयार होतो. नाताळच्या आदल्या रात्री इथल्या घरांत त्यातली स्पॅगेटी असते. पास्ता उकळताना पाण्यात मीठ घालत नाहीत, इतका तो खारट. बाटली जरूर घ्या. पुढे व्हिएत्रीहून हायवेने अंधारातही निवांत परत जाता येतं.

एकच अट: आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला तर निघण्याआधी रस्ता सुरू आहे का हे हॉटेलात विचारा. पावसानंतर कड्यावरून दगड येतात आणि एखादा टप्पा बंद करतात. म्हणून गाडीचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे पुढे ढकलता येईल.