आजोबा रुग्णालयात असताना चार वर्षांच्या मुलाला कसे सांभाळावे?

आजोबा अतिदक्षता विभागात गेल्यापासून मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागला आहे, असे आपण लिहिले आहे. ताणाखाली लहान मूल सुटलेल्या सवयींकडे काही काळ परतते. तो हट्ट नव्हे, म्हणून न रागावता चादर बदलावी. ‘आजोबा गावाला गेलेत’ असे मात्र मुळीच सांगू नये, कारण मोठ्यांची दबक्या आवाजातली बोलणी ऐकून मूल स्वतःच्या मनाने त्याहून भयंकर अर्थ लावते आणि पुष्कळदा ‘माझ्यामुळेच झाले’ असे धरून बसते. ‘आजोबा आजारी आहेत, डॉक्टर औषध देत आहेत, यात तुझी काही चूक नाही’ एवढे स्पष्ट सांगावे. जेवणाझोपेच्या वेळा शक्यतो मोडू नयेत. त्रास काही आठवडे टिकल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आपल्यालाही मराठीतून बोलता येईल.