बॅटरीला हात न लावता बॅटरीवर पीएचडी?

प्रश्न : माझी भाची जर्मनीत सॉलिड स्टेट बॅटरीवर पीएचडी करतेय. दिवाळीत आली तेव्हा म्हटलं दाखव की तुझी बॅटरी, तर म्हणे, मामा मी बॅटरीला हातच लावत नाही, मी कॉम्प्युटरवर इंटरफेसचं मॉडेलिंग करते. दोन वस्तू एकमेकींना टेकतात त्या जागेत चार वर्षं बघण्यासारखं असतं तरी काय? – एक मामा, मिरज

उत्तर : मामा, भाची बरोब्बर दुखऱ्या जागेवर बोट ठेवून बसलीय. आपल्या फोनच्या बॅटरीत इलेक्ट्रोलाइट, म्हणजे लिथियमचे आयन इकडून तिकडे नेणारा मधला पदार्थ, पातळ असतो, तो खाचाखोचांत आपोआप शिरतो. सॉलिड स्टेटमध्ये एका बाजूला लिथियमचा पत्रा आणि त्याला टेकलेली, इलेक्ट्रोलाइटचं काम करणारी सिरॅमिकची चकती, म्हणजे दोन कोरड्या फरशा एकमेकींवर ठेवल्यासारखं, टेकतात त्या मोजक्याच ठिकाणी. मग एवढा खटाटोप कशाला, तर आजच्या बॅटरीतल्या ग्रॅफाइटमध्ये ग्रॅमला 372 मिलीअँपिअर-तास चार्ज मावतो आणि नुसत्या लिथियममध्ये 3860.

आता खरी गंमत. 2005 मध्ये मनरो आणि न्यूमन यांनी गणित मांडलं की मधला पदार्थ लिथियमच्या साधारण दुप्पट ताठ असला की चार्जिंगला उगवून बॅटरी शॉर्ट करणारे लिथियमचे काटे, म्हणजे डेंड्राइट, दबून राहतील. 2007 मध्ये मुरुगन, थंगदुराई आणि वेप्नर यांनी एलएलझेडओ नावाचं सिरॅमिक आणलं, ते तर लिथियमपेक्षा दहापटीहून जास्त ताठ, सगळ्यांना वाटलं झालं काम. पण सुरीनं कापता येणारं हे मऊ लिथियम त्या सिरॅमिकमधूनही आरपार गेलंच! पिंपळाचं मूळ कसं, असतं कोवळं पण भिंतीची फट मिळाली की भिंत फोडतं, तसंच बारीक चिरेत लिथियम साचत जातं, दाब वाढतो, चीर पुढे सरकते. लोक मनरो-न्यूमनना उगाच नावं ठेवतात हं, त्यांचं गणित पॉलिमरसाठी होतं आणि त्यात चिरा धरलेल्याच नव्हत्या.

शिवाय चूक कधीकधी चार्जिंगची नसतेच. डिस्चार्ज होताना लिथियम सीमेवरून भराभर निघून जातं, मागून तेवढ्या वेगानं भरून येत नाही, मग पोकळ्या पडतात आणि पुढच्या चार्जिंगला सगळा करंट उरलेल्या चार टेकणाऱ्या ठिपक्यांवर येतो, काटा तिथेच उगवतो. हे ऑक्सफर्डच्या मंडळींनी 2019 मध्ये दाखवलं.

आणि हवा लागली की एलएलझेडओवर कार्बोनेटचा थर चढतो, मग वितळलेलं लिथियम त्यावर अक्षरशः अळवावरचं पाणी! थेंब पृष्ठभागाला ज्या कोनात टेकतो तो स्पर्शकोन, जितका मोठा तितकं चिकटणं कमी, तो 146 अंश मोजलाय, थर काढल्यावर 95. कुठल्या पृष्ठभागाला लिथियम किती धरून राहील हे अणू मांडून आधीच काढता येतं, त्याला डीएफटी म्हणतात, फक्त त्यात काहीशे अणू आणि सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळ एवढाच संसार. काय कशाशी रिअॅक्ट होईल तेही त्यातून कळतं, उदा. एलजीपीएस नावाचा जर्मेनियमवाला घन इलेक्ट्रोलाइट लिथियमला टेकला की जर्मेनियमचा मिश्रधातू होतो, त्यातून इलेक्ट्रॉन वाहतात आणि सडका थर वाढतच राहतो. पोकळी मात्र मायक्रॉनची आणि तासातासानं वाढणारी, तिला वेगळी गणितं लागतात. मधला सांधा जोडायला हल्ली मशीन लर्निंगनं शिकवलेले अणूंमधल्या बलांचे हिशोब वापरतात, भाचीला विचारा, बहुतेक तिचाही जीव त्यातच अडकला असेल. मला स्वतःला गुळगुळीत, निर्दोष पृष्ठभाग धरून केलेले पेपर वाचले की वैताग येतो, तसला पृष्ठभाग कुठल्या भट्टीतून निघतो?

प्रश्न : एवढं सगळं कळलंय तर गाडीत का नाही येत हो? – तेच मामा

उत्तर : कारणं बरीच आहेत, पण एक सांगतो. लॅबमध्ये पोकळ्या पडू नयेत म्हणून सेल बोल्टनं आवळून ठेवतात, कधीकधी कित्येक मेगापास्कल, आणि एकच मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरला दहा किलो. एवढ्या दाबाच्या जाड लोखंडी प्लेटा गाडीत घालायच्या तर वजन वाचवलंत कुठे?