तिथे न जाता दुसऱ्या ग्रहाच्या हवेत कोणते वायू आहेत, हे कसं कळतं?

उजेडावरून. प्रत्येक वायू ठरावीक रंग गिळतो. ग्रहावरून परतलेला सूर्यप्रकाश रंगांमध्ये पसरवला की त्या रंगांच्या जागी काळ्या रेघा दिसतात. शुक्रावरचा कार्बन डायऑक्साइड १९३२ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेतून असाच सापडला, पहिलं यान तिकडे जाण्याच्या तीस वर्षं आधी.

रेघा म्हणजे काय ते साताऱ्यातही बघता येईल. राजवाड्याजवळ एखाद्या दुकानात जुनी जाड ट्यूब उरली असेल, तर तिचा उजेड सीडीवर तिरका पाडा. रंगपट्ट्यात एक हिरवी आणि एक निळी-जांभळी रेघ वेगळी उठून दिसते. ती पाऱ्याच्या वाफेची. (या उजळ रेघा, ग्रहाच्या बाबतीत काळ्या.) एलईडीवर हे जमत नाही.

खरी डोकेदुखी आपल्याच हवेची. तिच्यातली पाण्याची वाफ आणि ऑक्सिजनही रेघा उमटवतात. ग्रह जवळ येताना किंवा लांब जाताना त्याच्या रेघा किंचित सरकतात, त्यावरून त्या वेगळ्या काढतात. तरी वाफ नडतेच, म्हणून वेधशाळा लडाखमधल्या हानलेसारख्या उंच, कोरड्या जागी. जुलैत साताऱ्यात दुर्बीण गुंडाळूनच ठेवावी!

यान पोचलं तर काम सोपं: मास स्पेक्ट्रोमीटर रेणू वजनावरून निवडतो. मंगळयानावर 'मेन्का' हे तसलंच उपकरण होतं.