आईचं काम कुठल्या रकान्यात?

प्रश्न : मॅडम, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागे आमच्याकडे सरकारी पाहणीसाठी एक मुलगा आला होता. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. त्याने दारातूनच वडिलांना विचारलं, 'या काय करतात?' वडील म्हणाले, 'घरीच असते.' त्याने तेवढंच लिहून घेतलं. आजीला विडीच्या फंडाची महिना हजार रुपये पेन्शन येते, त्यातून ती माझ्या भावाच्या शिकवणीची फी भरते. पेपरात 'लोकसंख्येचा लाभांश', म्हणजे कमावत्या वयाची माणसं जास्त असल्याने देशाला होणारा फायदा, असं वाचलं की वाटतं, हा हिशेब मांडणाऱ्यांना आमचं घर दिसतं का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : वडिलांवर रागावू नकोस. प्रश्नच चुकीचा विचारला गेला, आणि तोही चुकीच्या माणसाला.

मी सव्वीस वर्षं पाहणीचं काम केलं. नवीन असताना अशोक चौकाजवळच्या एका घरात माझ्या हातून हेच झालं होतं. कामापुरतं तेलुगू शिकले होते. विचारलं, 'एम् पनि चेस्तारु?' काय काम करता? बाई म्हणाल्या, 'एम् लेदु.' काही नाही. मी ९२ लिहिलं, म्हणजे 'फक्त घरकाम'. मान वर केली तर त्यांची बोटं तंबाखूने पिवळी झालेली, शेजारी मापाने कापलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली. आकडा खोडला आणि पुन्हा सुरुवात केली. आज किती विड्या झाल्या? कारखान्यात कोण नेऊन देतं? मजुरी कुणाच्या हातात पडते? मग पाऊण तास बाई बोलत होत्या.

तू विचारतेस त्या हिशेबाला राष्ट्रीय हस्तांतरण लेखा म्हणतात. रोनाल्ड ली आणि अँड्र्यू मेसन या अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली, संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये तिची मार्गदर्शिका काढली. आपल्याकडे बंगळुरूचे एम. आर. नारायण आणि मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत काम केलेले एल. लादूसिंग यांनी भारताचे असे लेखे मांडले आहेत. देशाने किती कमावलं ते जीडीपी सांगतो. हा लेखा ते वयावार उलगडतो : कितव्या वर्षी माणूस किती कमावतो, किती खातो, आणि कमी पडलं तर कोण भरतं, घरचे, सरकार की साठवलेली मिळकत.

तुझंच घर घे. भाऊ शिकतोय, त्याच्या वयाला तूट. आईवडिलांच्या वयाला शिल्लक. आजीची पेन्शन बाहेरून येते आणि फी होऊन नातवाकडे जाते. साठीच्या पुढच्यांना सरसकट 'अवलंबून' म्हणणाऱ्या तक्त्यात ही आजी बसतच नाही. ती देणारी आहे.

आता आईचं. ती 'घरीच' लिहिली गेली की तिची मजुरी तिच्या वयापुढे पडत नाही. पण या लेख्यात सगळ्या वयांची बेरीज शेवटी राष्ट्रीय उत्पन्नाशी जुळवतात. म्हणून तिची कमाई पुसली जात नाही, ती इतरांच्या वयात विरघळते. मग कुणी धोरण आखतं, 'बायका कामाला लागल्या तर उत्पन्न इतकं वाढेल,' आणि जी पंधरा वर्षं विड्या वळतेय तिलाही बिनकामाची धरून वाढ मोजतं. तिच्या म्हातारपणाची सोय मात्र कुणाच्या हिशेबात येत नाही. मला हे फार लागतं.

घरकामाचा वेळ मोजणारी देशव्यापी पाहणी पहिल्यांदा २०१९ मध्ये झाली, दुसरी २०२४ मध्ये. दुसरीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात गेलेला दिसला, पुरुषांचा ८८. तुझ्या आईचा विड्यांचा वेळ याच्या वर.

अडचण अशी की कमाई एका पाहणीत, खर्च दुसऱ्या, वेळ तिसऱ्या, आणि तिन्हींतली घरं वेगळी. ती सांधणारी माणसं मोजकी. त्यात शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा सोलापूर शहर ९,५१,५५८ होतं. पुढची मोजणी १ मार्च २०२७ च्या संदर्भाने व्हायची आहे. इकडे २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ वर आलेला. शाळेतली मुलं कमी आणि आज्या जास्त, असे दिवस दूर नाहीत.

हे काम दिल्लीत चार तज्ज्ञ बसवून उरकेल असं मला वाटत नाही. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले इन्स्टिट्यूटने सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती, म्हणजे या गावाला हे नवं नाही. आज प्रत्येक जिल्ह्यात पगारी, टिकून राहणारी माणसं हवीत. इथं तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारी आणि संख्याशास्त्र शिकणारी मुलं आहेत. त्यांना कंत्राटावर सहा महिने फिरवून सोडून देऊ नये. तू त्यातलीच एक आहेस, म्हणून सविस्तर लिहिलं.

पुन्हा कुणी आलं तर त्याला आत बोलाव, पाणी दे, आणि आईला स्वतः बोलू दे. तोवर एका वहीत महिनाभर घराचा लेखा मांड : प्रत्येकाचं वय, आलेले पैसे, स्वतःवर झालेला खर्च, दुसऱ्याला दिलेले. शेवटी वेळेचा रकाना ठेव. आईच्या विड्या लिहिताना कारखान्यात नापास करून काढलेल्याही मोज. त्यांची मजुरी मिळत नाही, पण वेळ गेलेला असतो.